विश्लेषण : हाडांवरून प्राण्याचे रूप कसे ठरते? इक्थिओसॉरच्या बदलत्या चित्राची गोष्ट

लंडनच्या दक्षिण भागातील क्रिस्टल पॅलेस पार्कच्या तळ्याकाठी १८५४ मध्ये उभारलेली प्राचीन प्राण्यांची शिल्पे आजही पाहायला मिळतात. त्यातले इक्थिओसॉर मगरीसारखे उथळ पाण्यात पहुडले आहेत. त्यांच्या पाठीवर पर नाही. डोळ्यांभोवतीच्या हाडांच्या पाकळ्या उघड्या दिसतात. आज मोबाइलवर याच प्राण्याचे चित्र शोधले तर डॉल्फिनसारखा निमुळता जलचर समोर येतो. त्याच्या पाठीवर त्रिकोणी पर असतो, शेपटी चंद्रकोरीसारखी असते आणि पाठ गडद, पोट फिकट असते.

प्राणी तोच, मग रूप इतके कसे बदलले? आजचे चित्र तरी बरोबर आहे हे कशावरून? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कोणत्याही प्राण्याचे ‘हुबेहूब’ चित्र काही क्षणांत तयार होण्याच्या काळात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण चित्रातला पुराव्यावर उभा असलेला भाग आणि कल्पनेने भरलेला भाग दोन्ही सारखेच खरे वाटतात.

इक्थिओसॉर म्हणजे नेमके काय?

इक्थिओसॉर या नावाचा अर्थ ‘मासा-सरडा’. प्रत्यक्षात तो मासाही नव्हता आणि डायनोसॉरही नव्हता. जमिनीवरच्या सरीसृप पूर्वजांपासून उत्क्रांत होऊन समुद्रात गेलेला हा गट. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी तो अवतरला आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर संपण्याच्या बरेच आधी, नामशेष झाला. हे प्राणी फुप्फुसांनी श्वास घेत. त्यामुळे देवमाशाप्रमाणे त्यांना हवेसाठी पृष्ठभागावर यावे लागे.

या गटाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस या गावामुळे. तेथील कड्यांत १८११ मध्ये जोसेफ अ‍ॅनिंग याला एक मोठी कवटी सापडली. पुढच्या वर्षी त्याची बहीण मेरी अ‍ॅनिंग हिने उरलेल्या सांगाड्याचा शोध लावला. तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी १८१४ पासून त्यावर लेख लिहिले, पण प्राणी कोणत्या गटातला हे त्यांना ठरवता येईना. जबडा मगरीसारखा, मणके माशासारखे आणि पाय वल्ह्यांसारखे. एकाच सांगाड्यात तीन दिशांना नेणाऱ्या खुणा होत्या.

फक्त हाडांवरून काय कळते?

बरेच काही. लांब, अरुंद जबडा आणि टोकदार दात हे निसरडी शिकार पकडणाऱ्या प्राण्याचे लक्षण. मणके चकतीसारखे आणि दोन्ही बाजूंनी खोलगट, म्हणजे शरीर पाण्यात लवचीकपणे हलणारे. पुढच्या पायांतील बोटांची हाडे लहान होऊन एकमेकांना फरशीच्या तुकड्यांसारखी चिकटलेली, काही जातींत तर बोटांच्या रांगा पाचापेक्षा जास्त. असा पाय चालण्याच्या कामाचा नाही.

डोळ्यांविषयीही हाडे बोलतात. इक्थिओसॉरच्या डोळ्यात हाडांच्या पातळ पाकळ्यांचे कडे असे. आजचे पक्षी आणि अनेक सरडे यांच्याही डोळ्यांत असे कडे असते आणि ते बुबुळाला आधार देते. या कड्याच्या मापावरून डोळ्याचा आकार काढता येतो. टेम्नोडोन्टोसॉरस या इक्थिओसॉरचा डोळा २५ सेंटिमीटरपेक्षा मोठा होता. इतका मोठा डोळा अंधूक प्रकाशात शिकार करण्यासाठी उपयोगी पडतो.

काही सांगाड्यांच्या पोटात शेवटचे जेवणही टिकून आहे. माखुळीच्या जातकुळीतील प्राण्यांच्या बाहूंवरील बारीक आकडे तेथे सापडतात. काही माद्यांच्या पोटात न जन्मलेली पिल्ले आहेत. चीनमध्ये मिळालेल्या सुमारे २४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या एका मादीच्या जीवाश्मात एक पिल्लू जन्माच्या मार्गात आहे. त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे हा प्राणी अंडी घालत नव्हता, पिल्लांना जन्म देत होता. त्यासाठी कासवाप्रमाणे किनाऱ्यावर येण्याची गरज नव्हती.

मग १८५४ चे शिल्प चुकले कुठे?

ही शिल्पे बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी घडवली. त्यांना शास्त्रीय सल्ला दिला होता रिचर्ड ओवेन यांनी. त्या काळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे हे काम काळजीपूर्वक झाले होते. जी चूक झाली ती बहुतांशी दोन कारणांनी.

पहिले कारण म्हणजे तुलनेसाठी निवडलेला प्राणी. सरीसृप म्हटल्यावर मगर डोळ्यांसमोर आली. त्यामुळे शिल्पातला इक्थिओसॉरही मगरीसारखाच काठाशी विसावला. डोळ्यातले हाडांचे कडे जिवंतपणी आत झाकलेले असते, पण जीवाश्मात ते ठळक दिसते. म्हणून शिल्पातही ते बाहेर आले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जीवाश्म होताना बहुतेक वेळा मांस, चरबी आणि त्वचा कुजून जाते. पाठीवरच्या पराला आतून हाडाचा आधारच नसेल तर सांगाड्यात त्याची खूण उरत नाही. हाड नाही म्हणजे अवयव नव्हता, असे गृहीत धरले की चित्र अपुरे राहते.

शेपटीची गोष्ट यापेक्षा रंजक आहे. अनेक सांगाड्यांत पाठीचा कणा शेपटीच्या टोकाकडे अचानक खाली वाकलेला दिसे. मृत्यूनंतर कणा मोडला असावा, असे आधी वाटले. पण इतक्या सांगाड्यांत तो एकाच जागी कसा मोडेल? ओवेन यांनी १८३०च्या दशकाच्या अखेरीस यावर तर्क मांडला. शेपटीला मांसल पर असावा आणि मृत्यूनंतर त्याच्या भाराने कणा निखळला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. पराचा अंदाज बरोबर ठरला, कणा निखळल्याचा अंदाज मात्र चुकला. वाकलेल्या जागेवरचे मणके पाचरीसारखे आहेत, वरून रुंद आणि खालून अरुंद. म्हणजे तो बाक जिवंतपणीचाच होता. पुरावा हाडांतच होता, तो वाचायला वेळ लागला.

एवढ्यापुरतीच ही चूक नाही. अमेरिकेत एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८६९ मध्ये एलास्मोसॉरस या लांब मानेच्या सागरी सरीसृपाचे चित्र छापले. त्यात डोके शेपटीच्या टोकाला जोडलेले होते. लांब मान त्यांनी शेपटी समजली होती. जोसेफ लीडी यांनी ही चूक दाखवून दिली.

होल्झमाडेनच्या खाणीत काय सापडले?

चित्र पालटले ते दक्षिण जर्मनीतील होल्झमाडेन या गावाच्या परिसरात. येथील काळसर, थरांच्या खडकाच्या खाणींतून फरशीसाठी दगड निघत असे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्राचा तळ होता आणि तळाशी ऑक्सिजन फार कमी होता. त्यामुळे मेलेले प्राणी खाणारे आणि गाळ उकरणारे जीव तेथे फारसे नव्हते. तळाशी गेलेला प्राणी मऊ चिखलात सावकाश गाडला जाई. काही वेळा कातडीच्या जागी काळा, कार्बनयुक्त पातळ थर उरे.

बर्नहार्ड हाउफ यांनी १८९२ मध्ये अशाच एका सांगाड्याभोवतीचा दगड फार जपून काढला. सांगाड्याभोवती शरीराची संपूर्ण बाह्यरेषा दिसू लागली. पाठीवर त्रिकोणी पर होता, त्यात एकही हाड नव्हते. शेपटी चंद्रकोरीसारखी होती. खाली वाकलेला कणा शेपटीच्या खालच्या पाकळीत जात होता आणि वरची पाकळी पूर्णपणे मांसल होती. शार्कमध्ये याच्या उलट असते, तेथे कणा वरच्या पाकळीत जातो.

अशी शेपटी कोकणातल्या मासळी बाजारात रोज दिसते. सुरमई आणि कुपा म्हणजे ट्यूना हे वेगाने लांबवर पोहणारे मासे, त्यांचीही शेपटी चंद्रकोरीसारखी. मासा, सस्तन डॉल्फिन आणि सरीसृप इक्थिओसॉर यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही. तरी पाण्यात वेगाने जाण्याची गरज सारखी असल्याने त्यांचे शरीर सारख्या आकाराकडे गेले. एक फरक मात्र कायम राहिला. डॉल्फिन शेपटी वर-खाली हलवतो, इक्थिओसॉर माशाप्रमाणे ती डावी-उजवीकडे हलवत असे.

या बाह्यरेषेवर विश्वास का ठेवायचा?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला आणि त्याला कारण होते. एकोणिसाव्या शतकात इक्थिओसॉरच्या सांगाड्यांना मोठी किंमत येत असे. संग्राहक थॉमस हॉकिन्स यांच्याकडून ब्रिटिश म्युझियमने १८३४ मध्ये मोठा संग्रह विकत घेतला. त्यातील काही भाग दगडाचे नसून प्लास्टरने पुरे केलेले असल्याचे नंतर लक्षात आले आणि वाद झाला.

होल्झमाडेनच्या नमुन्यांबाबतही शंका घेतली गेली. काळा थर आणि काळा दगड यांची सीमा ठरवताना छिन्नी चालवणाऱ्याने आपल्या मनातला आकार तर कोरला नाही ना? काही नमुन्यांत बाह्यरेषा नीटनेटकी करण्यात आली होती. म्हणून आजचा अभ्यासक फक्त आकार पाहून थांबत नाही. त्या थराचा कण घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तो खरोखर त्वचेचा आहे का, हे तपासतो. एकाच आकाराचे अनेक स्वतंत्र नमुने मिळतात का, हेही पाहिले जाते. पाठीवरचा पर आणि चंद्रकोरी शेपटी या कसोटीला उतरली.

येथेच जीवाश्म साफ करण्याच्या पद्धतीचे महत्त्व कळते. हाड उठून दिसावे म्हणून सभोवतालचा खडक खरवडून टाकला तर त्वचेचा कागदासारखा थरही त्याबरोबर जातो. तो पुन्हा मिळत नाही.

कोट्यवधी वर्षांपूर्वीचा रंग कसा कळतो?

माणसाचे केस, पक्ष्यांची पिसे आणि माशांची कातडी यांना गडद रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते पेशींतील अतिसूक्ष्म कणांत साठते आणि अनुकूल परिस्थितीत फार काळ टिकते. जीवाश्मांतील असे कण आधी जिवाणूंचे अवशेष समजले जात, कारण आकार मिळताजुळता होता. पुढे त्यांचे रासायनिक पृथक्करण झाले आणि काही नमुन्यांत मेलॅनिनचीच खूण मिळाली.

स्वीडनमधील योहान लिंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात तीन प्राण्यांचा अभ्यास मांडला. त्यात एक प्राचीन कासव, एक मोसासॉर आणि एक इक्थिओसॉर होता. इक्थिओसॉरचे अंग सर्वत्र गडद असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

लिंडग्रेन यांच्याच गटाने २०१८ मध्ये होल्झमाडेनच्या स्टेनोप्टेरिजियस या इक्थिओसॉरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या वरच्या बाजूच्या त्वचेत रंगपेशी दाट होत्या, पोटाकडे तशा नव्हत्या. म्हणजे पाठ गडद, पोट फिकट. बांगडा हातात घेतला तर हीच रंगसंगती दिसते. वरून पाहणाऱ्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली वाटते, खालून पाहणाऱ्याला फिकट पोट उजेडात हरवते. त्याच नमुन्यात त्वचेखाली चरबीच्या थराच्या खुणा होत्या आणि त्वचेवर खवले नव्हते. देवमाशासारखी चरबी म्हणजे शरीराची उष्णता राखणारा प्राणी, असा अर्थ त्यातून काढण्यात आला.

यालाही मर्यादा आहेत. मेलॅनिन टिकते म्हणून काळा-करडा-तपकिरी यांबद्दल बोलता येते. लाल-पिवळे रंग देणारी अनेक द्रव्ये इतकी टिकाऊ नसतात. शिवाय एका जातीच्या एका नमुन्यावरून संपूर्ण गटाचा रंग ठरत नाही. चित्रात कोणी इक्थिओसॉरला निळे पट्टे काढले तर ती चित्रकाराची निवड असते.

एका जबड्यावरून २५ मीटरचा प्राणी कसा?

इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर २०२० मध्ये एका ११ वर्षांच्या मुलीला व तिच्या वडिलांना जबड्याच्या हाडाचे तुकडे सापडले. त्याआधी २०१६ मध्ये त्याच भागात तसेच हाड मिळाले होते. सुमारे २०.२ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला २०२४ मध्ये ‘इक्थिओटायटन’ असे नाव देण्यात आले आणि लांबी अंदाजे २५ मीटर सांगण्यात आली. जबड्याचे हे एक हाडच दोन मीटरपेक्षा लांब आहे.

हा अंदाज प्रमाणाच्या गणिताने निघतो. पूर्ण सांगाडा माहीत असलेल्या नातलगात तेच हाड शरीराच्या किती पट असते, हे पाहून नव्या हाडावरून लांबी काढली जाते. नातलग कोणता निवडला यावर उत्तर बदलते. म्हणून येथे हाड खरे आहे, त्याचा मोठेपणा खरा आहे, २५ हा आकडा मात्र अंदाज आहे. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात मिळालेल्या शोनिसॉरसचे पूर्वीचे चित्र मोठ्या, गोल पोटाचे होते. फेरतपासणीनंतर तो बराच सडपातळ झाला. गाळाच्या भाराखाली सपाट झालेल्या फासळ्या पुन्हा गोलाईत मांडताना असा फरक पडतो.

२०२५ मध्ये नवे काय कळले?

दोनशे वर्षांच्या अभ्यासानंतर आता नवे काही उरले नसेल, असे वाटू शकते. पण जुलै २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये टेम्नोडोन्टोसॉरसच्या पुढच्या वल्ह्याचा अभ्यास आला. दक्षिण जर्मनीतील डोटर्नहाउझेन येथे मिळालेल्या सुमारे एक मीटर लांबीच्या या वल्ह्यात हाडांबरोबर मऊ भागही टिकले आहेत. त्याच्या टोकाकडच्या भागात हाडेच नव्हती. मागची कड करवतीसारखी दातेरी होती आणि तिला आतून कूर्चेसारख्या काड्यांचा आधार होता. अशी रचना याआधी कोणत्याही प्राण्यात नोंदवलेली नव्हती.

घुबडाच्या पिसांची कड हवेतील आवाज कमी करते. त्याचप्रमाणे ही दातेरी कड पाण्यातला आवाज कमी करत असावी, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे प्रचंड डोळ्यांचा हा शिकारी अंधाऱ्या पाण्यात आवाज न करता भक्ष्याकडे सरकत असावा. वल्ह्याचा आकार हा पुरावा आहे, आवाजाविषयीचे म्हणणे हा त्यावरून केलेला तर्क आहे. या एका नमुन्यापूर्वी काढलेल्या टेम्नोडोन्टोसॉरसच्या चित्रांत ही दातेरी कड नव्हती.

भारतात इक्थिओसॉर सापडले आहेत का?

होय. गुजरातमधील कच्छमध्ये लोडाई गावाजवळ मिळालेल्या सांगाड्याचा अभ्यास ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद आणि भारतीय व जर्मन सहकाऱ्यांनी तो केला. ज्युरासिक काळातील इक्थिओसॉर भारतात मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याआधी तमिळनाडूतील नंतरच्या काळाच्या खडकांतून मोजके तुटक अवशेषच मिळाले होते.

कच्छचा प्राणी सुमारे १५.२ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची लांबी साधारण साडेपाच मीटर असावी. कवटीचा व शेपटीचा काही भाग सोडता सांगाडा जवळपास पूर्ण आहे. दातांच्या झिजेवरून तो टणक कवचाचे प्राणीही खात असावा, असे अभ्यासक सांगतात. आज कोरडा दिसणारा कच्छ तेव्हा समुद्राखाली होता, याचा हा आणखी एक ठसठशीत दाखला.

या प्राण्याचे चित्र काढायचे तर हाडे कच्छची घ्यावी लागतात. हरवलेली शेपटी मात्र परदेशातील नातलगांच्या नमुन्यांवरून पुरी करावी लागते, पाठीवरचा परही तसाच. हे चुकीचे नाही, शास्त्रीय पद्धतच अशी आहे. पण उसना भाग कोणता, हे सांगणे त्या पद्धतीचाच भाग आहे.

मूळ जीवाश्म जपणे का महत्त्वाचे?

मेरी अ‍ॅनिंग यांनी १८१८ मध्ये शोधलेला एक जवळपास संपूर्ण इक्थिओसॉर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये होता. मे १९४१ मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला. जुन्या छापील चित्राखेरीज काही उरले नाही, असेच अनेक दशके मानले गेले. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या आणि जर्मनीतील बर्लिनच्या संग्रहालयांत त्याचे प्लास्टरचे साचे पडून होते. डीन लोमॅक्स आणि ज्युडी मसार यांनी ते ओळखले आणि २०२२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. साच्यांशी ताडून पाहिल्यावर जुन्या चित्रातल्या त्रुटीही समजल्या.

प्रत्येक पिढीच्या हाती नवी साधने येतात. हाउफ यांच्याकडे छिन्नी आणि संयम होता, आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि सीटी स्कॅन आहेत. पण ही साधने वापरण्यासाठी मूळ दगड हाताशी असावा लागतो. तो विकला गेला, फुटला किंवा घाईने खरवडला गेला तर उरते ते आधीच्या माणसाने काढलेले चित्र.

चित्र पाहताना काय लक्षात ठेवावे?

इक्थिओसॉरच्या आजच्या चित्रात विश्वासाच्या निदान चार पायऱ्या आहेत. जबडा, डोळ्याचा आकार, वल्ह्यांची हाडे आणि शेपटीतला बाक हे सांगाड्यात थेट दिसते. पाठीवरचा पर आणि शेपटीची वरची पाकळी काही उत्तम नमुन्यांत दिसते, इतर जातींत ती नातलगांवरून धरली जाते. गडद पाठ आणि फिकट पोट याला मोजक्याच नमुन्यांचा आधार आहे. तो प्राणी कसा वागत असे, कळपाने फिरे की एकटा, हे बहुतेकदा चित्रकाराचे असते.

चांगल्या संग्रहालयातल्या पाटीवर किंवा चांगल्या पुस्तकात या पायऱ्या वेगळ्या करून सांगितलेल्या असतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्राखाली तसे काही लिहिलेले नसते. तेव्हा ते चित्र कोणत्या जातीचे, कोणत्या नमुन्यावर आधारलेले आणि कोणत्या वर्षीचे, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. क्रिस्टल पॅलेसची शिल्पे आता संरक्षित वारसा म्हणून जपली जातात. १८५४ मध्ये काय माहीत होते आणि काय नव्हते, याची ती काठावर बसलेली नोंद आहे.